भेरुंडाचा चेहरा

अनुजा पाखरेचा जबडा मोडला तेव्हाचा आवाज निशिकांतराव इंगवल्यांना नीट ऐकू आला होता. भोवती माणसं बोंबलत होती, स्टुडिओच्या फाटकावर दगड आदळत होते, कुणीतरी दिग्दर्शकाची गाडी पेटवली होती आणि तिचा हॉर्न आपोआप वाजत सुटला होता. तरीही तो ऐकू आला. वाळका ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. हातातला फलक त्यांनी उगारला होता तो तिच्या पाठीत घालायला. पोरगी ऐनवेळी वळली आणि फलकाची लोखंडी पट्टी तिच्या तोंडावर बसली. निदान निशिकांतरावांच्या आठवणीत तरी ते असंच होतं. ती मटकन खाली बसली, बोटांच्या फटींतून रक्त गळायला लागलं. निशिकांतरावांनी फलक टाकून दिला आणि ते गर्दीत मिसळले.

फलकावर लिहिलं होतं, 'ताम्राची वेणी परत द्या'.

हसू नका. कोल्हापुरात त्या वर्षी डोकी फुटली ती या वेणीपायीच. 'पोलादवन' ही पाच खंडांची अद्भुत कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतली होती. तिच्यातली ताम्रा ही लोहाराची पोर. सेनापती भेरुंड गावं जाळत जातो, आणि जळालेल्या एकेका गावासाठी ताम्रा आपल्या वेणीत एक लोखंडी कडी ओवते. शेवटी त्याच वेणीनं ती भेरुंडाचा गळा आवळते. इतकी साधी, सरळ, रक्तबंबाळ गोष्ट. सिनेमा काढणाऱ्यांनी त्यात काय करावं? ताम्रा म्हणून अनुजा पाखरे घेतली. अंगानं लहानखुरी, रंगानं सावळी, आणि केस पोरासारखे कापलेले. वेणी गायब. वर अशी बातमी फुटली, की सिनेमातली ताम्रा शेवटी भेरुंडाला माफ करते. एवढं कळल्यावर 'पोलादवन वाचक महासंघ' घरी बसणार होता थोडाच?

महासंघाचे अध्यक्ष निशिकांतराव. शाहूपुरीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पण जिल्ह्यात त्यांची ओळख होती ती आवाजामुळं. कुस्तीच्या मैदानात ते निवेदन करायचे, आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कोणता डाव पडला ते समजायचं. त्या दिवशी फाटकावर त्यांनी भेरुंडाच्याच ढंगात आरोळी दिली होती, "राखसुद्धा उरता कामा नये!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग दगड सुरू झाले.

त्यांची मुलगी केतकी सोबत आली होती. एकवीस वर्षांची, तालमीत वाढलेली, राज्य पातळीवर कुस्ती खेळणारी. तिच्या वेणीतही ताम्रासारख्या कड्या होत्या. "तू इथंच बस, पोलिसांनी धरलं तर स्पर्धा बोंबलेल," असं सांगून त्यांनी तिला रस्त्यापलीकडं उसाच्या रसाच्या गाड्यामागं बसवलं होतं. पोलिसांनी अज्ञात जमावावर गुन्हा नोंदवला. घरी आल्यावर निशिकांतराव म्हणाले, "कुणीतरी मारलं बघ त्या पोरीला. वाईट झालं." केतकी आरशापुढं बसून वेणीतल्या कड्या काढत होती. "हं," म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिनं केस बारीक कापून टाकले. मॅटवर अडचण होते म्हणाली, आणि ते त्यांना पटलं.

सिनेमा कंपनीनं धसका घेतला होता. अशा वेळी त्यांच्या हाती 'स्वमुख' नावाचं यंत्र लागलं.

त्यामागचं शास्त्र असं. आपण वाचतो तेव्हा डोळ्यांपुढं फक्त अक्षरं असतात, तरी माणसं दिसतात. डोळ्यांनी पाठवलेलं चित्र मेंदूच्या मागच्या भागात उमटतं, आणि वाचताना त्याच भागात आतूनही एक फिकट चित्र उमटत असतं. ते इतकं पुसट असतं की भेरुंडाचं नाक कसं आहे असं विचारलं तर वाचकाला सांगता येत नाही. पण त्या भागातल्या पेशींना ते ठाऊक असतं. 'स्वमुख'ची पट्टी डोक्याला बांधून तासभर पुस्तक वाचायचं. पेशींतल्या विजेच्या हालचालींवरून यंत्र तुमच्या मनातला एकेक चेहरा जुळवतं आणि पुसट रेघा ठळक करतं. मग थिएटरात जाऊन चष्मा लावायचा. पडद्यावरच्या नटांनी राखाडी मुखवटे घातलेले असतात, चष्मा त्या मुखवट्यांवर तुमच्या मनातले चेहरे चढवतो. हसणं, घाम, सावली, सगळ्यासकट. खुर्च्या जितक्या, तितक्या ताम्रा. वेणीसुद्धा ज्याला जशी हवी तशी.

भांडणाचं मूळच उपटलं गेलं. अनुजा पाखरेचा करार कायम होता, त्यामुळं जबड्यात धातूची पट्टी बसवून घेऊन तिनंच ताम्राचं काम केलं. मुखवट्याखाली कोण आहे याच्याशी आता कुणाला देणंघेणं नव्हतं. माफीचा शेवटही कंपनीनं गुपचूप काढून टाकला. महासंघानं गुलाल उधळला. "आता नट कोण ते ठरवणार वाचक!" असं निशिकांतरावांनी बिंदू चौकात गर्जून सांगितलं.

पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला बापलेक शेजारी शेजारी बसले. निशिकांतरावांच्या चष्म्यात भेरुंड आला तो थेट त्यांच्या शाळेतला पीटीचा मास्तर होऊन. ते खुशीत येऊन मांडीवर थाप मारत होते. मध्यंतरात त्यांनी केतकीला वडा आणला, तिनं तो हातात नुसता धरून ठेवला. उत्तरार्धात भेरुंड पाणवठ्यावरच्या पोरींना ओळीनं उभं करतो आणि निशाणाच्या काठीनं एकेकीचं तोंड फोडत जातो. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकलं होतं. पडद्यावर ते संपता संपेना. मागच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, "अण्णा, नको! अण्णा!" बाहेर पडायच्या दाराशी एका बाईला ओकारी झाली. निशिकांतरावांना वाटलं, सिनेमा रंगला.

व्हरांड्यात एक चांगला इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस आपल्या थोरल्या भावाचं डोकं लाह्यांच्या काउंटरवर आपटत होता. काच फुटली तरी थांबेना. जिन्यात एका नव्या नवरीनं सासऱ्याच्या दंडाचा लचका तोडला होता आणि ती तोंड पुसत शांत उभी होती. "बघ, याला म्हणतात सिनेमा," निशिकांतराव म्हणाले. पार्किंगमध्ये पोचल्यावर त्यांना राहवेना. छाती फुगवून त्यांनी भेरुंडाचा आवाज काढला, "राखसुद्धा उरता कामा नये! काय केतकी, कसा वाटला आमचा भेरुंड?"

केतकीनं त्यांना धोबीपछाड मारली.

हा डाव त्यांनी मैदानात असंख्य वेळा पुकारला होता, पण तो अंगावर कसा येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एका स्कूटरवर पाठीवर आदळले आणि बरगड्या गेल्या. तिचा गुडघा छातीवर आला, दोन्ही हात गळ्यावर आले. ती रडत होती. "तू मारलंस तिला," ती म्हणत होती, "तू मारलंस!" जन्मात तिनं बापाला अरेतुरे केलं नव्हतं. "केतकी, अगं मी... मी पप्पा..." त्यांच्या तोंडून एकेक शब्द निघाला की पकड आणखी घट्ट व्हायची. मग आवाज निघेनासाच झाला, आणि तेव्हा कुठं हात सैल पडले. पार्किंगवाल्यानं आणि आणखी तिघाचौघांनी तिला ओढून बाजूला केलं. ती आपल्या हातांकडं बघत जमिनीवर बसून राहिली.

त्या संध्याकाळपर्यंत सरकारी दवाखान्याचा वॉर्ड भरून गेला. सुऱ्याचे वार, फुटलेली डोकी, उकळत्या तेलानं भाजलेला एक दुकानदार. इचलकरंजीत एका पोरानं मामाला विहिरीत ढकलून वरून दगड टाकले होते. मेंदूच्या डॉक्टर शबाना मुजावर खाटांमधून फिरत होत्या आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होत्या, "भेरुंड कोण दिसला?"

"हे बघा इंगवलेसाहेब," त्या निशिकांतरावांच्या खाटेशी स्टूल ओढून म्हणाल्या, "कोरा चेहरा मेंदूकडं नसतो. नवा चेहरा हवा असला की तो ओळखीतलाच उसना घेतो. वाचताना आपल्याला ते समजत नाही, कारण चित्र पुसट असतंय. या यंत्रानं ते पुसट ठळक केलं. आणि डोळ्यानं तीन तास बघितलेलं मेंदू खरं म्हणूनच नोंदवतो. ह्या लोकांनी सिनेमा बघितलेला नाही. आपल्या माणसाला खून करताना बघितलंय त्यांनी."

"पण माझाच चेहरा का?" निशिकांतरावांना श्वास घेताना कळ येत होती. "मी तिला कधी बोट लावलेलं नाही डॉक्टर. विचारा हिला."

त्यांची बायको उज्ज्वला उशाशी उभी होती. तिनं मान डोलावली. "ह्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली ओ पोरगी. रविवारी जेवणं झाली की हे वाचायचे आणि ती ऐकायची. पाची पुस्तकं वाचून दाखवली ह्यांनी."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं म्हणजे! भेरुंड आला की भांडी वाजायची घरात. ह्यांचा आवाज तसलाच."

डॉक्टर म्हणाल्या, "मग कदाचित आवाजामुळं झालं असेल. आवाज आणि चेहरा मेंदूत एकमेकांना बांधलेले असतात. कदाचित, म्हणतेय मी. थोडे दिवस तिच्यासमोर बोलू नका."

त्यांचं 'कदाचित' निशिकांतरावांना ऐकूच आलं नाही. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोष आवाजाचा होता! घशातल्या दोन पडद्यांचा! माणूस म्हणून त्यांनी काहीच केलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते मुके झाले. केतकी घरात असो नसो, तोंडातून शब्द काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं. काही हवं असलं की मोबाइलवर लिहून उज्ज्वलाला दाखवायचे. मैदानाचं निवेदन सोडलं. त्यांच्या जागी कुणी एक किरट्या आवाजाचा गृहस्थ आला, लोक त्याची टिंगल करायचे आणि निशिकांतराव घरात बसून ती ऐकायचे. बोलक्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं, पण लेकीपुढं त्यांना काहीही जड नव्हतं. केतकी दुसऱ्या खोलीतून जायची यायची. त्यांच्याकडं बघायची नाही. एकदा पाण्याचा तांब्या देताना तिची नजर त्यांच्या तोंडावर गेली आणि तांब्या खाली पडला.

इकडं सरकारनं सिनेमा बंद पाडला आणि महासंघ पेटून उठला. पाच-सहा कार्यकर्ते दुकानात आले. पुढं सचिव प्रवीण शेटे होता. प्रत्येकाच्या गळ्यात महासंघाची खूण, म्हणजे लोखंडी कड्या ओवलेली सुताची वेणी.

"अध्यक्ष, उद्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा. आवाज तुमचा पाहिजे. पहिल्यांदा खरे चेहरे मिळालेत आपल्याला, ते कोण काढून घेतंय बघू."

निशिकांतरावांनी मान हलवली.

"का? लोक मरालेत म्हणून? अहो, आपल्या मनात काय आहे ते आत्ता कळालंय लोकांना!"

निशिकांतरावांनी मोबाइलवर लिहिलं, 'मी राजीनामा देतोय.' प्रवीणनं ते वाचलं आणि तो हसला. "पोरीनं गळा काय दाबला, अध्यक्ष फितूर झाले," तो म्हणाला आणि त्यानं गळ्यातली वेणी काढून ती निशिकांतरावांच्या तोंडावर मारली.

मग बाकीच्यांनाही चेव आला. त्यांना ओढून रस्त्यावर आणलं. कड्या कपाळावर, कानावर, नुकत्या जुळलेल्या बरगड्यांवर बसत होत्या. दुकानाच्या वरच घर होतं आणि केतकी घरात होती. निशिकांतरावांनी दात खाऊन तोंड मिटून ठेवलं. ओरडलो तर तिला तो आवाज ऐकू जाईल, एवढंच डोक्यात होतं. ओठ फाटला, दात हलला, एका डोळ्यानं दिसेना, पण हुंदकासुद्धा बाहेर पडू दिला नाही.

जिन्यावर पावलं धडधडली. केतकी आली ती सरळ प्रवीणच्या कमरेत शिरली आणि तिनं त्याला उचलून डांबरावर आपटलं. त्याच्या खांद्याचा सांधा निखळलेला सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्याचा हात तिनं पिळला तेव्हा तो गुरासारखा हंबरला. उरलेले पळाले. ती धापा टाकत बापाकडं वळली, त्यांना उठवायला वाकली, त्यांच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याजवळ तिचा हात आला आणि तिथंच अडला. ती दोन पावलं मागं सरली. "आई!" तिनं हाक मारली. "आई, तू ये. मला हात लावता येत नाही ह्यांना."

निशिकांतराव रस्त्यावर पडल्या पडल्या सुखावले. पोरगी आपल्यासाठी धावून आली! म्हणजे गप्प बसण्याचा गुण येतोय. आता आवाजाची गाठ सुटली की झालं.

ती सुटली का, हे बघायला डॉक्टर मुजावरांनी एक चाचणी ठरवली. दवाखान्यातल्या एका खोलीत केतकीला पट्टी आणि चष्मा दोन्ही लावून सिनेमातला थोडा भाग दाखवायचा, आवाज पूर्ण बंद ठेवून. भेरुंडाचा चेहरा निसटताना दिसला, तर आवाजाचाच दोष होता असं मानायचं आणि त्या दिशेनं उपचार करायचे. सकाळची वेळ होती. निशिकांतराव बाहेर बाकावर बसले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता. उज्ज्वलानं नको म्हटलं तरी त्यांनी तो आणलाच होता.

दार उघडून केतकी आली. पाठोपाठ डॉक्टर. केतकी त्यांच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा ठेवून, समोरच्या भिंतीकडं बघत. निशिकांतरावांनी घाईघाईनं मोबाइलवर लिहून तिच्यापुढं धरलं. 'बदलला?'

"नाही."

'आवाज बंद होता ना?'

"बंद होता." तिनं मोबाइल हातानं बाजूला सारला. "पप्पा, तो चेहरा आवाजामुळं आलेला नाही. तुम्ही वाचायला लागलात तेव्हा माझा भेरुंड म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा ट्रकवाला होता. मिशावाला. कितीतरी वर्षं तोच होता. तुम्ही आवाज काढायचात आणि मला हसू यायचं. तेव्हा मला कधी भीती नाही वाटली तुमच्या आवाजाची."

निशिकांतरावांची बोटं अक्षरांवर घसरत होती. 'मग मी कधी'

"फाटकावर. मी रसाच्या गाड्यामागं बसले नव्हते. तुमच्या मागंच होते."

निशिकांतरावांनी मान हलवली. ते भराभरा लिहायला लागले. 'पाठीत मारणार होतो. ती ऐनवेळी वळ'

"ती वळली नव्हती." केतकीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण तिनं नजर काढून घेतली नाही. "ती तुमच्याकडंच तोंड करून उभी होती. हात जोडून. काका, मला जाऊ द्या म्हणत होती. तुम्ही फलक आडवा धरलात आणि नेम धरून मारलात. त्या रात्री तुम्ही म्हणालात, कुणीतरी मारलं. मला वाटलं, उद्या सांगतील. मग वाटलं, परवा सांगतील. पुस्तक उघडलं की भेरुंडाच्या जागी तुम्ही यायला लागलात, म्हणून मी पुस्तक उघडायचंच सोडलं. यंत्राची पट्टी बांधताना वाचावं लागलं. यंत्राला काय, जे होतं ते त्यानं दाखवलं." तिनं नाक पुसलं. "माझी ताम्रा कोण होती ते कुणी विचारलंच नाही मला. अनुजा होती. तोंडातून रक्त येत असलेली."

निशिकांतरावांच्या मांडीवरचा पुडा खाली घसरला. डॉक्टर मुजावर दाराशीच उभ्या राहिल्या होत्या. निशिकांतरावांना तो क्षण पुन्हा आठवायचा होता, त्यांच्या पद्धतीनं, पोरगी वळतानाचा. तो काही केल्या येईना. जोडलेले हात तेवढे दिसत होते. आपण किती खोटं बोललो, आणि ते आधी स्वतःशीच, याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांनी मोबाइल उचलला आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावला. पलीकडं कुणीतरी फोन घेतला.

"माझं नाव निशिकांत इंगवले."

एवढ्या दिवसांनी निघालेला तो आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. पलीकडच्या खोलीतून एक नर्स डोकावली. केतकीचं अंग ताठ झालं, गळ्याच्या शिरा फुगल्या, उजवा हात बाकावरून उचलला गेला. डॉक्टर झटकन पुढं झाल्या. केतकीनं तो हात दुसऱ्या हातानं धरून आपल्या मांडीखाली दाबला आणि मानेनंच डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं.

"कोण? जरा हळू बोला की," पलीकडचा हवालदार म्हणाला.

"स्टुडिओच्या फाटकावर अनुजा पाखरेला मारलं ते मी. फलक माझ्या हातात होता. नाही, धक्काबिक्का लागला नाही. ती माझ्याकडं बघत हात जोडून उभी होती. मी तोंडावर मारलं. हो, लिहून घ्या. माझी मुलगी तिथं होती, तिनं पाहिलंय."

ते बोलत राहिले. केतकी डोळे गच्च मिटून, दात आवळून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिनं कानावर हात ठेवले नाहीत आणि ती उठूनही गेली नाही.